मोटारीच्या इंजिनाचा दिवा लागला तर : कोडची ओळख, तपास आणि उपाय



या पानावर आम्ही बहुधा बेणे, लागणीचे हंगाम, खतांच्या मात्रा आणि खोडवा व्यवस्थापन यांविषयी लिहीत असतो. यावेळचा विषय थोडा निराळा असला तरी तो आपल्या दारातलाच आहे. कार्यक्षेत्रातील गावोगावी आता सभासदांकडे मोटार किंवा पिकअप आली आहे. दवाखाना, मुलांचे कॉलेज, बाजार, गट कार्यालय, सगळीकडे तीच धावते. गट मेळाव्यात ऊस नोंदीचा विषय आटोपला की कुणीतरी हमखास विचारतो, "साहेब, गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. मिस्त्री म्हणतो सेन्सर बदला. बदलू का?"

आम्ही शेतकी खात्याची माणसे. गाडी दुरुस्त करणे हा आमचा धंदा नव्हे. पण रोगाचे लक्षण आणि रोगाचे मूळ यांतला फरक ओळखणे हे आमचे रोजचे काम आहे, आणि या दिव्याच्या बाबतीत सारी गोम तिथेच आहे. लक्षणालाच रोग समजून माणसे पार्टमागून पार्ट बदलीत सुटतात आणि हजारो रुपये वाया घालवितात. म्हणून या विषयाची सोप्या भाषेत मांडणी करावी असे ठरविले.

१. दिवा काय सांगतो?

चावी फिरवली, पण इंजिन अजून चालू केले नाही, अशा वेळी मीटरबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाले की तो विझला पाहिजे. इंजिन चालू असताना तो लागून राहिला, तर इंजिनावर देखरेख करणाऱ्या छोट्या संगणकाला (मिस्त्री लोक त्याला ईसीएम म्हणतात) काहीतरी खटकले आहे असे समजावे. त्याने त्या तक्रारीचा एक क्रमांक आपल्या वहीत टिपून ठेवलेला असतो. तोच कोड.

येथे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

(अ) पिवळा दिवा स्थिर लागला व गाडी नेहमीसारखी चालते आहे : घाबरण्याचे कारण नाही. सावकाश घरी यावे व दोन-चार दिवसांत तपास करावा. महिनोन् महिने तसेच फिरू नये.

(ब) पेट्रोल गाडीत पिवळा दिवा उघडझाप करतो व गाडी मिस मारते : ताबडतोब ॲक्सिलरेटर कमी करून गाडी बाजूला घ्यावी. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि तो भाजून निकामी होतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असल्याने तो भाग फार महाग. शेकड्यातला प्लग वाचविण्याच्या नादात हा खर्च अंगावर येतो.

(क) तांबडा दिवा, म्हणजे ऑईलचा किंवा इंजिन तापल्याचा : येथे कोडबिड पाहत बसू नये. इंजिन बंद करावे. तांबड्या दिव्यावर रेटलेली गाडी इंजिन खाऊन टाकते.

२. ही पद्धत आली कशी?

मोटारींच्या धुरामुळे हवा बिघडते म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ सालच्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा नियम केला. पण प्रत्येक कंपनीचे सॉकेट निराळे आणि कोडही निराळे, त्यामुळे गोंधळच फार. १९९६ च्या मॉडेलपासून साऱ्या अमेरिकेत एकच पद्धत सक्तीची झाली. तिला ओबीडी-२ म्हणतात. आपल्या देशात भारत स्टेज-४ च्या नियमांबरोबर २०१० पासून ओबीडी-१ व २०१३ पासून ओबीडी-२ मोटारींना लागू होत गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ आले आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणखी वाढली.

यावरून एक गोष्ट कळते. ही सारी व्यवस्था मुळात धुरावर लक्ष ठेवण्यासाठी आहे. त्यामुळे गाडी झकास पळत असतानाही दिवा लागू शकतो, आणि क्लच, बेअरिंग, ब्रेक लायनर यांसारखा बिघाड असूनही दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणजे गाडी ठणठणीत, असा अर्थ काढू नये.

३. कोड कसा वाचावा?

स्टेअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावायचा, चावी ऑन करायची, की कोड दिसतो. मिस्त्रीकडे मोठा स्कॅनर असतो. मोबाईलला ब्लूटूथने जोडता येणारी ईएलएम-३२७ जातीची लहान यंत्रेही बाजारात स्वस्तात मिळतात. गावातील चार-पाच जणांनी मिळून एक घेतले तरी पुरते. मात्र सर्व कंपन्यांचे सर्व कोड त्यात दिसतीलच असे नाही.

कोड एक इंग्रजी अक्षर आणि चार स्थानांचा असतो. पी-०३०२ हा कोड घेऊ.

पहिले अक्षर खाते सांगते. पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी (एअरबॅग वगैरे), सी म्हणजे चासी (ब्रेक वगैरे) आणि यू म्हणजे गाडीतील संगणकांचे आपसातले बोलणे.

दुसऱ्या स्थानी शून्य असेल तर तो सर्व कंपन्यांना समान कोड. तेथे एक असेल तर तो त्या कंपनीचा खास कोड. त्याचा अर्थ त्या गाडीच्या पुस्तकातच पाहावा, दुसऱ्या गाडीचा अर्थ लावू नये.

पी-० ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये तिसरा आकडा विभाग दाखवितो. १ व २ म्हणजे हवा व इंधन यांचे मोजमाप, ३ म्हणजे ठिणगी व मिस होणे, ४ म्हणजे धूर शुद्ध करणारी यंत्रणा, ५ म्हणजे वेग व आयडलिंग, ६ म्हणजे संगणक व त्याची जोडणी, ७ व ८ म्हणजे गिअरबॉक्स.

शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात. तेव्हा पी-०३०२ म्हणजे : इंजिन, समान कोड, मिसिंग, सिलिंडर नंबर दोन. सातबारा वाचता येणाऱ्याला हे अवघड नाही.

४. कोड म्हणजे पिवळे पान

आता मुख्य मुद्दा. उसाचे पान पिवळे पडले की काही जण लगेच युरियाचे पोते फोडतात. पण पिवळेपणाची कारणे अनेक. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्राची कमतरता असू शकते. चुनखडीच्या जमिनीत वरची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर तो लोहाचा केवडा. त्याला हिराकसाची फवारणी लागते, युरियाने काम होत नाही. आणि सरीत पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील तर आधी चर काढावा लागतो. पान पिवळे आहे एवढे खरे. का पिवळे आहे, हे शेतात उतरून पाहावे लागते.

कोडचेही तसेच. 'कूलंट तापमान सेन्सर सर्किट, व्होल्टेज जास्त' असा पी-०११८ कोड आला, तर तो सेन्सर खराब आहे असे संगणक म्हणत नाही. त्या सेन्सरकडून येणारा निरोप पटण्यासारखा नाही, एवढेच तो म्हणतो. दोष सेन्सरात असेल, त्याच्या वायरीत असेल किंवा प्लगात शिरलेल्या पाण्यातही असेल.

हेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. आमच्या एका गटातील सभासदांच्या गाडीत हा कोड आला. सेन्सर बदलला. चार दिवसांत दिवा पुन्हा हजर. दुसरा सेन्सर टाकला, तरी तेच. स्कॅनरवर चालू आकडे पाहिले तेव्हा कूलंटचे तापमान उणे ४० अंश दिसत होते. आपल्याकडे थंडीच्या कडाक्यातही एवढे तापमान कधी उतरणार? वायर तुटली की बहुतेक गाड्यांत संगणक असाच आकडा दाखवितो. मग सेन्सरचा प्लग काढून, प्लगातील दोन टोके एका बारीक वायरीने क्षणभर जोडून पाहिली. वायर धड असती तर आकडा एकदम खूप वर गेला असता. तो हलला नाही, तेव्हा दोष वायरीत हे नक्की झाले. वायर मागे तपासत गेल्यावर घुशीने कुरतडलेली जागा सापडली. हातभर वायर व थोडी टेप एवढ्यात काम झाले. दोन सेन्सरचे पैसे मात्र गेले ते गेलेच. यालाच रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात.

(दोन टोके जोडण्याची ही परीक्षा फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. इतरत्र कोठेही करू नये.)

५. तपासाच्या पायऱ्या

पायरी पहिली : कोड लिहून घ्यावा. सगळे कोड वहीत उतरावेत. त्याबरोबर 'फ्रीज फ्रेम' नावाची नोंद पाहावी. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, तापमान व भार किती होता ते त्यात असते. पीक पाहणीची नोंद असते तसेच हे. मिस्त्रीने आल्याआल्या कोड पुसला तर हा सारा पुरावा जातो. म्हणून "आधी लिहा, मग पुसा" असे त्याला स्पष्ट सांगावे.

पायरी दुसरी : कोड कच्चा की पक्का ते पाहावे. पुष्कळ दोष एकदा दिसले तर संगणक त्यांची कच्ची नोंद ठेवतो. पुढच्या फेरीतही तेच दिसले तर नोंद पक्की होऊन दिवा लागतो. दोष गेल्यावर सलग तीन फेऱ्या नीट झाल्या की दिवा आपोआप विझतो. जुना कोड मात्र आणखी काही दिवस वहीत राहतो.

पायरी तिसरी : बॅटरी व अर्थिंग. एकदम सात-आठ निरनिराळे कोड आले तर आठ पार्ट एकाच दिवशी बिघडले असे समजू नये. पाटावरची सगळी शेते एकदम कोरडी पडली तर आपण आधी दार पाहतो. तसे येथे बॅटरी पाहावी. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यावेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर साफ करून नट घट्ट करावेत. अर्थिंगची वायर बॉडीला नीट बसली आहे ना, फ्यूज गेलेला नाही ना, हे पाहावे.

पायरी चौथी : डोळे, कान, नाक. बॉनेट उघडून कुरतडलेल्या वायरी, सुटलेले प्लग, फाटलेले होज पाईप, सैल क्लिपा पाहाव्यात. आपल्याकडे गाडी पाचटाच्या गंजीशेजारी किंवा गोठ्यात उभी असते आणि उंदीर-घुशींना वायरींची चटक असते. सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यानंतर दिवा लागला असेल तर बहुधा प्लगात पाणी शिरलेले असते. धुळीच्या वाटेने फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच तुंबतो.

पायरी पाचवी : मोजणी आणि अदलाबदल. संशय आला तरी पार्ट आणण्याआधी मोजून पाहावे. मोजता येत नसेल तर गाडीतल्या गाडीत अदलाबदल करावी. त्याला खर्च नाही.

पायरी सहावी : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन पार्ट एकदम बदलले आणि दिवा गेला, तर कशाने गेला ते कधीच कळत नाही.

पायरी सातवी : खात्री. कोड पुसून, ज्या परिस्थितीत तो पडला होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी. चढावर पडला असेल तर चढावरच न्यावी. गॅरेजच्या दारात पाच मिनिटे उभी करून घेतलेली खात्री ही खात्री नव्हे.

६. पेट्रोल गाडीत नेहमी आढळणारे कोड

पी-०३०१ ते पी-०३०४ (अमुक सिलिंडर मिस मारतो) : प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉईल असेल तर इंजिन बंद करून दोन नंबरची कॉईल तीन नंबरवर व तीनची दोनवर लावावी. कोड पी-०३०२ चा पी-०३०३ झाला, म्हणजे कॉईलबरोबर दोषही सरकला, तर कॉईल खराब. कोड जागचा हलला नाही तर हीच युक्ती प्लगाला करावी. तरीही न हलला तर इंजेक्टर व शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. स्वस्ताकडून महागाकडे, हा क्रम सोडू नये.

पी-०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त) : पुष्कळ ठिकाणी यावर ऑक्सिजन सेन्सर बदलतात. वास्तविक तो सेन्सर बहुधा खरेच बोलत असतो. स्कॅनरवर 'फ्यूल ट्रिम' पाहावे. संगणक पेट्रोल किती टक्के वाढवून देतो ते त्यात कळते. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत हा आकडा आयडलिंगला जास्त व अडीच हजार फेऱ्यांवर जवळपास ठीक असेल, तर सेन्सरच्या पुढे कोठेतरी हवा चोरून आत शिरते आहे. रबरी पाईप, गॅस्केट पाहावे. उलट आयडलिंगला ठीक व भारावर आकडा वाढत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, किंवा एमएएफ सेन्सर धुळीने माखला आहे. पहिल्या बाबतीत पंप, फिल्टर पाहावेत. दुसऱ्या बाबतीत त्यासाठीच्या खास स्प्रेने साफसफाई करावी, फडक्याने पुसू नये.

पी-०१२८ (इंजिन पुरेसे गरम होत नाही) : इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. पातळी बरोबर असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायची जुनी सवय काही ठिकाणी आहे, त्यानेही हा कोड येतो. इंजिन कायम थंड राहिले की पेट्रोल जास्त जाते व झीज वाढते. गरम रेडिएटरचे टोपण मात्र कधीही उघडू नये.

पी-०४२० (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी) : हा कोड आला की मोठे बिल पुढे येते. म्हणून येथे सर्वांत जास्त सावध राहावे. आधी सायलेन्सरच्या पाईपला भोक किंवा सैल सांधा आहे काय, गाडी मिस मारते काय, मागचा ऑक्सिजन सेन्सर नीट आहे काय, हे तपासावे. मिसिंगचा दोष दूर न करता नवा कन्व्हर्टर बसविला तर तोही जळतो.

७. डिझेल गाडीचे कोड

प्रथम सुरक्षिततेची सूचना, आणि ती कृपया घरातील तरुण मुलांना वाचून दाखवावी. जुन्या डिझेल इंजिनात कोणता सिलिंडर चुकतो ते पाहण्यासाठी मिस्त्री चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करीत असत. आजच्या कॉमन रेल इंजिनात हे चुकूनही करू नये. आपला एचटीपी फवारणी पंप वीस ते चाळीस बार दाब देतो. कॉमन रेलमध्ये तो हजार बारच्याही वर जातो. त्या दाबाची केसासारखी चिळकांडी कातडी फोडून डिझेल आत घुसविते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते. गळती बोटाने चाचपू नये. डिझेल असे आत शिरल्यास दुखत नसले तरी तडक मोठ्या दवाखान्यात जावे.

पी-००८७ (रेलमधील दाब कमी) : यावर हायप्रेशर पंप किंवा इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळतो. त्याआधी डिझेल फिल्टर, त्यातील पाणी, टाकीपासूनच्या पाईपमध्ये शिरणारी हवा व डिझेलची प्रत पाहावी. घरी कॅन-बॅरलमध्ये साठविलेल्या डिझेलात पाणी व कचरा असतो. फिल्टर शेकड्यातला, पंप हजारांतला. एवढे पाहून झाल्यावरच इंजेक्टरची परत गळती मोजून घ्यावी.

पी-०२९९ (टर्बोचा दाब कमी) : गाडी चढावर दम खाते, पिकअप देत नाही. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाईप फाटला आहे काय, क्लिप निसटली आहे काय, टर्बोच्या व्हॅक्युमची बारीक नळी कुरतडली आहे काय, एअर फिल्टर तुंबला आहे काय, ते पाहावे. एवढे पाहिल्याशिवाय टर्बो उतरवू देऊ नये.

पी-२४६३ (डीपीएफमध्ये काजळी साठली) : भारत स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती ठरावीक काळाने आतल्या आत काजळी जाळून स्वच्छ होते. पण त्यासाठी इंजिन गरम होऊन काही वेळ सलग चालावे लागते. घर ते मळा आणि मळा ते घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती संधीच मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर, पुस्तकात सांगितलेल्या वेगाने, पंधरा-वीस मिनिटे सलग चालवावी. या कोडचा उपाय पुष्कळदा एवढाच असतो.

येथे ऊस उत्पादकांसाठी खास इशारा. ही गाळणी साफ होत असताना सायलेन्सरचा भाग अतिशय तापतो. पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टरही तसाच तापतो. अशी गाडी वाळलेल्या पाचटावर किंवा तोड चालू असलेल्या फडात उभी करू नये. पाचट पेटले तर गाडी तर जाईलच, पण शेजाऱ्याचा उभा ऊसही जाईल. मोकळ्या जागेत उभी करून चालत फडात जावे.

८. डीईएफ आणि शेतातला युरिया

मालट्रकांत आणि काही डिझेल मोटारींत डीईएफ नावाचे पाणी वेगळ्या टाकीत घालावे लागते. ते संपत आले की दिवा व कोड येतो. डीईएफ म्हणजे अतिशुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे द्रावण. हे कळल्यावर "घरात युरियाची पोती पडली आहेत, मग विकत कशाला?" असा विचार मनात येणे साहजिक आहे. तो कृपया कृतीत आणू नये. खताचा युरिया त्या प्रतीचा शुद्ध नसतो. शिवाय २०१५ पासून आपल्याकडे अनुदानित युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. असे द्रावण व विहिरीचे क्षारयुक्त पाणी यांनी इंजेक्टर तुंबतो व आतील महागडा भाग कायमचा बिघडतो. खतासाठी दिलेला अनुदानाचा युरिया दुसरीकडे वापरणे नियमबाह्य आहे, हेही ध्यानात ठेवावे.

९. कोड पुसणे हा उपाय नव्हे

बॅटरीची वायर काढून दिवा घालविणे, बल्बच काढून टाकणे, गाळणी पोकळ करून संगणकाला फसविणे, असे उद्योग सर्रास चालतात. पिवळ्या पानाला हिरवा रंग दिल्याने पीक सुधारत नाही.

जुनी गाडी घेताना तर याची फार काळजी घ्यावी. दोन परीक्षा साध्या आहेत. एक, चावी ऑन केल्यावर पिवळा दिवा लागतो काय? न लागल्यास दिव्यात कोणीतरी हात घातला आहे असे समजावे. दोन, स्कॅनरवर 'रेडिनेस' म्हणजे स्वतपासणीची स्थिती पाहावी. कोड पुसल्यावर या तपासण्या अपूर्ण दिसतात व काही दिवस गाडी चालविल्यावरच पूर्ण होतात. कोड एकही नाही, पण बहुतेक तपासण्या अपूर्ण, असे दिसले तर कोड नुकताच पुसला असण्याचा किंवा बॅटरी काढली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी बयाणा देऊ नये. दोन-चार दिवसांनी पुन्हा पाहावे.

एअरबॅगच्या बी कोडला घरी हात लावू नये. त्याच्या पिवळ्या वायरी व प्लग यांची छेडछाड जीवावर बेतू शकते. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

१०. ट्रॅक्टरविषयी थोडेसे

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांतही संगणक, सेन्सर व कॉमन रेल आले. अशा अनेक ट्रॅक्टरांत व मालट्रकांत कोडची पद्धत वेगळी असते. एसपीएन व एफएमआय असे दोन आकडे येतात. पहिला आकडा कोणत्या भागाची तक्रार ते सांगतो, दुसरा तक्रारीची जात सांगतो. मोटारीचा स्कॅनर तेथे उपयोगी पडेलच असे नाही. पण तपासाच्या सात पायऱ्या तेथेही जशाच्या तशा लागू पडतात. ऊस वाहतुकीच्या ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला की फडातला तुटलेला ऊस वाळतो आणि वजन घटते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

सारांश

चांगला मिस्त्री ओळखायचा कसा, याचीही परीक्षा वरील माहितीतच आहे. कोड पाहताच पार्टची चिठ्ठी लिहून देतो तो घाई करतो. कोड पाहून "कधी लागला? गाडी थंड होती की गरम? चढावर की सपाटीला?" असे विचारतो, बॉनेट उघडून वायरी हलवून पाहतो, मीटर लावतो, तो आपले पैसे वाचवितो. अशा माणसाने तासभर तपास करून पाच रुपयांची वायर जोडली आणि तपासणीची मजुरी मागितली तर घासाघीस करू नये. ती मजुरी वायरीची नसते, अकलेची असते. माती परीक्षणाला दिलेले पैसे खतात वसूल होतात, तसेच हे पैसे पार्टात वसूल होतात.

प्रत्येक सभासदाने गाडीत एक लहान वही ठेवावी. दिवा कधी लागला, कोड कोणता, काय पाहिले, काय बदलले, हे तारखेनिशी लिहावे. ऊस लागणीची नोंद ठेवणाऱ्याला याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. गाडी पुन्हा अडली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि तोच पार्ट दुसऱ्यांदा विकत घेण्याची वेळ येत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग